वुड यू लाइक टू

आमच्या घरात माणसाला काही विचारायची पद्धतच नव्हती. पाहुणा आला की आई त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून मोकळी व्हायची. 'चहा घेणार का' असं विचारलं, तर तो बिचारा भिडेखातर 'नको' म्हणणार आणि घरी जाऊन सांगणार, की त्यांच्याकडे चहासुद्धा विचारून देतात. चहाचं एक वेळ ठीक होतं, पण मुलींच्या लग्नाचीही हीच रीत होती.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मुलगी मोठी झाली की बापाने तिच्याशी लग्नाचं समोरासमोर बोलायचं नाही, असा अलिखित कायदा होता. दादा आईला सांगायचे, आई मला सांगायची आणि माझं उत्तर असलंच तर त्याच वाटेने परत जायचं. वाटेत ते पार बदलायचं. मी 'बघू' म्हटलं, की दादांच्या कानावर 'पोरगी तयार हाय' एवढंच पडायचं. आई खोटं बोलायची असं नाही, तिला जे ऐकायचं असायचं ते ती ऐकायची.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मी मुकुंदवाडीहून औरंगपुऱ्यात इंग्रजी बोलायच्या क्लासला जायचे. शिकवणारे सर निवृत्त मास्तर होते. एकेक वाक्यरचना ते आठवडाभर घोटून घ्यायचे. 'वुड यू लाइक टू' सुरू झालं तेव्हा म्हणाले, एवढं एक आलं की अर्धं जग फिरता येतं. सर स्वतः मनमाडच्या पुढे कधी गेले नव्हते, पण आमचा विश्वास बसला. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. नुसतं 'यस' किंवा 'नो' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, पुरं वाक्य लागायचं. सरावासाठी त्यांनी प्रश्नांचा एक सायक्लोस्टाइल कागद दिला होता.

घरी हे प्रश्न विचारणार कोण? दादा तयार झाले. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत सुरू झाली होती आणि पोलीस ॲक्शननंतर ती मराठीत आली. इंग्रजी त्यांनी चिकलठाण्याच्या कारखान्यात, स्टोअरमधल्या खोक्यांवरची अक्षरं वाचत कमावलं. धड्याला ते शेवटपर्यंत 'सबक'च म्हणाले. संध्याकाळी हातपाय धुऊन अंगणातल्या बाजेवर बसले की चष्मा लावून म्हणायचे, "आन गं तुझा सबक."

मराठीत माझ्याशी जेमतेम बोलणारे दादा इंग्रजीत मात्र एकदम निराळे व्हायचे. मला आंबा खायला आवडेल का, बागेत फिरायला आवडेल का, सगळी चौकशी. कागदावरचे प्रश्न आहेत हे मला कळत होतं, तरी मला ते विचारणं फार गोड वाटायचं.

त्याच महिन्यात पैठणकडचं स्थळ आलं. कालव्याखालची जमीन, दारात ट्रॅक्टर, मुलगा निर्व्यसनी. त्यांनी मला पाहिलं आणि पसंत केलं. अट एकच, लग्न याच उन्हाळ्यात, म्हणजे माझ्या परीक्षेच्या आधी. मुलाचे चुलते म्हणाले, "परीक्षा काय, पुढच्या साली बी देता येती."

मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. पण त्या घरात एकदा गेले, की पुन्हा माझ्या हातात पुस्तक येणार नाही, याची मला खात्री होती. आईला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय कळतंय? लई चांगलं घर हाय." आता दादांपर्यंत काय पोचलं असेल ते मला न सांगता कळलं. रविवारी सुपारी फुटणार होती. माझं जेवणावरचं मन उडालं.

शुक्रवारी संध्याकाळी दादांनी नेहमीसारखा सबक मागितला. आई दारात शेंगा फोडत बसली होती. बाजार झाला, चहा झाला, सिनेमा झाला. मी पोपटासारखी उत्तरं देत होते. कागद संपला, पण दादांनी तो खाली ठेवला नाही. मान खालीच ठेवून, त्याच सुरात त्यांनी विचारलं, "वुड यू लाइक टू मॅरी धिस बॉय?"

कागदावरचे सगळे प्रश्न मला तोंडपाठ होते. हा त्यात नव्हता.

"नो," मी कसंबसं म्हणाले.

"पुरं वाक्य," दादा म्हणाले.

"नो, दादा. आय वुड नॉट लाइक टू मॅरी धिस बॉय." आवाज सापडल्यावर मी पुढचंही बोलून टाकलं. "आय वुड लाइक टू स्टडी."

दादांनी मान हलवली. "बराबर हाय," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. छातीवरचं ओझं उतरलं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. हाच प्रश्न मराठीत त्यांच्या तोंडून फुटला नसता आणि मराठीतलं माझं 'नको' उलट उत्तर ठरलं असतं.

आईच्या शेंगा थांबल्या होत्या. "काय म्हनली ती?"

"सबक पाठ हाय तिचा."

"नो मला बी कळतंय," आई म्हणाली. "मला कुनी इचारलं हुतं? केलाच ना म्या संसार."

दादा चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पैठणला निरोप धाडला, की पत्रिका जमत नाही. पत्रिका कुणी कुणाला दाखवलीच नव्हती, पण असा नकार सगळ्यांनाच सोयीचा असतो. रविवारी मी पोटभर जेवले आणि दुपारी ढाराढूर झोपले.

आई मात्र आम्हा दोघांशी अबोला धरून होती. एका संध्याकाळी आमचा सबक सुरू असताना ती पदराला हात पुसत आली आणि बाजेच्या कडेला टेकली. दादांनी तिच्याकडे पाहिलं, कागद पुन्हा वरपासून धरला आणि पहिलाच प्रश्न तिला विचारला. "वुड यू लाइक टू गो टू द मार्केट?"

"बाजाराला जायला आवडेल का, असं विचारतायत," मी सांगितलं.

आईचं माहेर पाचोडजवळचं. लहानपणी बापाबरोबर ती दर आठवड्याला बाजाराला जायची. लग्नानंतर बाजार दादाच करायचे आणि ते आणतील ती भाजी ती शिजवायची. तिने पदर सावरला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"पाचोडच्या," ती म्हणाली. "भाव म्या करनार. तुमी निस्ती पिशवी धरायची."

बाजाराच्या दिवसाला अजून अवकाश होता, तरी दादा लगेच उठले आणि पिशवी शोधायला घरात गेले.