घरासाठी राखलेली ताटे

सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या आम्हा कोकणी नोकरदारांची एक रीत आहे. चांगली वस्तू इथे वापरायची नाही, घरासाठी राखून ठेवायची. घर म्हणजे गावचे, निवृत्तीनंतरचे. आमच्या लग्नातली पितळी ताटे त्या घराची वाट पाहत पलंगाखालच्या पेट्यांत पडून होती. सिल्वासात माझी शिक्षकी सरत आली तरी आम्ही जेवत होतो मेलामाइनच्या प्लेटांत. चिपळूणजवळ, वडिलोपार्जित जागेत, घर बांधून तयार होते. नोकरीचे हे शेवटचे वर्ष.

शनिवारी शाळेतून परतलो तो पेट्या उघड्या आणि रिकाम्या. पत्नी आणि शेजारची खान्देशी बाई पितळी ताटांत शेवभाजी जेवत बसल्या होत्या. शेजारणीचा नवरा जवळच्याच गलोंडा गावातल्या कारखान्यात आहे. दुपारी ती आमच्याकडेच असते.

"या काका, तुमचंबी ताट घासून ठेवलंय," ती म्हणाली. "तुम्ही रिटायर व्हायला आले, अन् या बिचाऱ्यांना आज नोकरी लागली."

मला हसू आले नाही. "अगं, ही गावच्या घरासाठी होती ना?"

"होती," पत्नी भाकरी मोडत म्हणाली. "मी गावी येत नाहीये. इथेच नदीकडे दोन खोल्या बघून ठेवल्यात. तुम्ही जा."

दूध संपले आहे, हे सांगावे तसा तिचा स्वर होता. चपला पायांत तशाच ठेवून मी दारात उभा राहिलो. शेजारीण ताट घेऊन उठू लागली, तेव्हा पत्नीने तिला दंडाला धरून बसवले. "जेव गं तू. भांडण नाही चाललेलं."

शेजारीण गेल्यावर मी म्हणालो, "एवढं घर बांधलं, तुझ्या पसंतीचं..." आणि वाक्य तोंडातच राहिले. ओट्याची उंची मी ठरवली होती, फरशी माझ्या भावाने.

"अहो, घर चांगलंच आहे," ती म्हणाली. "पण तिथे मी सून आहे. साठी आली तरी सूनच. पदर सावरत तुमच्या चुलत्यांना चहा नेऊन द्यायचा. इथे मला कुणी सून म्हणत नाही."

इतकी वर्षे दर मे महिन्यात मी तिला तिथे नेत आलो. ती थकून परतायची आणि मी उन्हाला दोष द्यायचो.

रविवारी तिच्यासोबत खोल्या पाहायला गेलो. वाटेत, सिल्वासाजवळच्या खेरडी गावाहून येणाऱ्या भाजीवालीने तिला विचारले, "ताई, गुडघा कसा आहे?" गुडघ्याचे मला ठाऊक नव्हते. माझ्याच घरातली बातमी मला रस्त्यावर कळत होती, आणि त्या बाईसमोर चेहरा कसा ठेवावा हे मला सुचेना.

खोल्या लहान होत्या, पण उजेडाच्या. गुजराती घरमालकाने किल्ली तिच्या हाती दिली आणि माझ्याकडे पाहत तिलाच विचारले, "बेन, भाई पण साथे रहेशे?"

ती खिडकीची कडी लागते का, ते पाहत राहिली. घरमालक वाट पाहत होता. गावच्या घराचा पाया खणण्यापूर्वी जे विचारायला हवे होते, ते मी त्या परक्या माणसासमोर, जमेल तितक्या हळू आवाजात विचारले.

"मी राहिलो तर चालेल का तुला?"

"बघते," ती म्हणाली. "विचार करून सांगते."