शिट्टी घालणारा सेट

निजामाच्या सगळ्या मुलखात आमच्या दाजींपेक्षा घाबरट माणूस नव्हता, आणि असलाच तर तो भीतीपायी घराबाहेर न पडल्यामुळे आम्हाला कधी दिसला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जुन्या जालन्यात सपाट मातीच्या छताच्या, धाब्याच्या घरात राहायचे आणि कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकुनी करायचे. ते पालीला भ्यायचे, आभाळाला भ्यायचे, आणि पोस्टमनला तर फारच भ्यायचे, कारण वाईट बातमीची तार तोच आणतो. कुत्री अंगावर येऊ नयेत म्हणून ते खिशात भाकरीचे तुकडे बाळगत. परिणाम असा झाला की गल्लीतली यच्चयावत कुत्री त्यांच्या मागे मागे चालू लागली, आणि ही एवढी पलटण आपल्याच मागे का, या विचारानं दाजींना दुप्पट घाम फुटू लागला. बदनापूरला जायचं तर गाडी चुकेल म्हणून ते इतक्या लवकर स्टेशनावर जाऊन बसत की आधीची गाडी समोर येऊन उभी राही. पण ती आपली नव्हे, भलत्याच गाडीत बसलो तर काय घ्या, म्हणून ते ती सोडून देत.

अशा माणसानं नाद लावून घेतला तो रेडिओचा, आणि तोही विकत आणून ऐकायचा नव्हे, स्वतःच्या हातानं बनवायचा. त्या काळी सेट ठेवायला सरकारी परवाना लागे. परवाना काही अवघड नव्हता, पण दाजींनी तो काढला नाही. का, तर अर्ज द्यायला कचेरीत जावं लागतं, कचेरीत साहेब असतो, आणि साहेबाला आपलं नाव कळतं. "एकदा नाव कळलं की मंग संपलंच की," ते मला म्हणाले होते. म्हणजे साहेबाच्या धाकानं परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून सगळ्या सरकारचा धाक, अशा चक्रात ते वर्षानुवर्षं गरगरत होते आणि तरी संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन सेटापुढे बसत होते.

या नादाचं मूळ जिनावरच्या एका इंजिनिअरात होतं. नोकरी सोडून जाताना त्यानं दाजींना रेडिओतला एक वापरलेला काचेचा व्हॉल्व आणि रेडिओच्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा दिला. दाजींनी शब्दकोश मांडीवर घेऊन ती मासिकं अशी वाचली की पानांच्या कडा पापडासारख्या मोडू लागल्या. तारेचं वेटोळं गोल नळीवर गुंडाळायला हवं, असं त्यात लिहिलं होतं, म्हणून अक्काचं लाटणं गेलं. पुढे कितीतरी दिवस अक्का भाकरीच करायची. पोळ्यांचं नाव काढलं की म्हणायची, "त्यांना विचारा, लाटणं गाणं म्हणून राह्यलंय." सुटे भाग मुंबईचा एक परिचित पाठवी, आणि पार्सलावर संशय येऊ नये म्हणून दाजींच्या सांगण्यावरून तो ते पोटाच्या चूर्णाच्या डब्यांत भरी. इतकं चूर्ण लागणाऱ्या माणसाकडे गल्लीतले लोक फार कळवळ्यानं बघत. एका वैद्यांनी तर घरी येऊन, फी न घेता, त्यांची नाडी पाहिली, आणि ती भीतीनं इतकी पळत होती की वैद्य स्वतःच काळजीत पडून गेले.

खरी कारागिरी होती ती एरियलची. धाब्यावर दोन टोकांना उंच बांबू, त्यांच्यामध्ये तांब्याची लांब तार, आणि तार बांबूला टेकू नये म्हणून दोन्हीकडे फुटक्या बाटल्यांचे काचेचे गळे. कोणी विचारलंच तर ही अक्काच्या सोवळ्याची वलणी, हात लावायचा नाही. म्हणून तिच्यावर लुगडं वाळत घालावं लागे, आणि ओलं लुगडं तारेवर पडलं की आवाज बुडे. त्यामुळे दाजी दर थोड्या वेळानं अंगणात येऊन वर बघत, "झालं का गं कोरडं?" एरियलला जोडीदार म्हणून दुसरी तार जमिनीत पुरावी लागते. ती त्यांनी तुळशीपाशी पुरली होती. माती ओली असेल तर सेट चांगला बोलतो, म्हणून दाजी दिवसातून कितीदा तरी तुळशीला तांब्यानं पाणी घालत. इतका भाविक पुरुष आळीत दुसरा नाही, असं बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवत.

आणि एवढं करून ते ऐकायचे काय? काहीही. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, कुठल्या तरी परमुलखातल्या माणसाचं न कळणारं बोलणं ऐकत बसायचे. मध्येच एक कान माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "ऐक, ऐक, कुणीतरी बोलून राह्यलंय." काय बोलतोय ते त्यांनाही कळत नसे. एकदा मी विचारलं, की गल्लीतल्या माणसाशी दोन शब्द बोलायला तुमची जीभ उचलत नाही आणि हे काय? तेव्हा ते म्हणाले, "जवळच्या माणसाचं भेव वाटतं रे. लांबचा काय करतो?"

त्यांच्या सेटाला एक खोड होती, आणि सगळं रामायण त्या खोडीतून झालं. सेटावर एक बटण होतं. ते हळूहळू पुढे फिरवलं की बारीक आवाज मोठा व्हायचा, पण केसभर जास्त फिरलं की सेट शिट्टी घालायचा. आणि ही शिट्टी आपल्या कानातच राहत नाही. ती एरियलवाटे बाहेर पडते आणि आसपास दुसरा कोणाचा रेडिओ असेल तर त्यातही घुसते. ऐकण्यासाठी बनवलेला सेट तेवढ्यापुरता बोलायला लागतो. आता आमच्या त्या भागात दुसरा रेडिओ एकच होता, आणि तो मागच्या गल्लीत, पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदारांच्या, बंगल्यावर होता.

हे ज्या वर्षाचं सांगतो ते साधं वर्ष नव्हतं. संस्थानाचं काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळ झाली की लोक दारं लावून घेत, आणि दार वाजलं की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघत. चोरून बिनतारी निरोप पाठवतो, एवढ्या नुसत्या संशयावरून बाजूच्या एका गावच्या मास्तरांना पोलिसांनी नेलं होतं. ते कुठे आहेत हे त्यांच्या घरच्यांना अजून कळलं नव्हतं. बाकीचे सगळे आता घाबरायला शिकत होते, दाजींचा त्यात आधीपासूनच हात बसलेला. पण सेट मात्र त्यांनी बंद केला नाही. उलट आता त्यांना ऐकल्यावाचून राहवेना, कारण खरं काय चाललंय ते बाहेरच्याच स्टेशनावरून कळायचं, आणि न कळण्याची भीती त्यांच्या लेखी सगळ्यांत वाईट होती. ऐकून झालं की ते सेट ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवत.

मग एका संध्याकाळी अमीनसाहेबांचं बोलावणं आलं. जिनावरच्या मुन्शीला, म्हणजे दाजींना, यंत्रातलं कळतं असं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांच्या रेडिओत ऐन गजलेच्या वेळी शिट्टी वाजत होती. दाजी मला घेऊन गेले, म्हणजे माझा सदरा मागून धरून आले. त्यांनी रेडिओ उघडला, पुसला, बंद केला. शिट्टी अर्थातच आली नाही, कारण शिट्टी घालणारा इथे बसला होता. अमीनसाहेब खूश झाले, पान दिलं. दाजींनी ते पान भीतीपोटी देठासकट गिळलं. घरी आल्यावर त्यांनी सेटाला हात न लावण्याची शपथ घेतली, आणि चार दिवसांनी ती मोडली. पुन्हा शिट्टी, पुन्हा बोलावणं, पुन्हा दाजी जाताच सगळं शांत. या खेपेला अमीनसाहेबांनी पान दिलं नाही. नुसते हसले.

तिसऱ्या खेपेला शिपाई दारात उभा राहून सांगून गेला, "साब बोले, आज गाना खतम होए तक बैठना पड़ता. सीटी नै आई तो सीधा तुम्हारे घर कू आते."

दाजींना कळलं होतं आणि मलाही. हा माणूस आला की शिट्टी बंद होते, याचा अर्थ लावायला अमीन व्हायची गरज नव्हती. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विंचू चपलेनं मारून पुन्हा भाकरी थापायला बसणारी बाई ती. भीती म्हणजे काय हे तिला माहीतच नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती एवढंच म्हणाली, "टोपी घाला. जाऊन या."

आम्ही बंगल्यावर जाऊन बसलो. औरंगाबादहून गजल लागली होती. अमीनसाहेब आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. शिपाई दाराशी होता. दाजी माझी बाही मुठीत धरून खालमानेनं बसले होते. एक गजल संपली. दुसरी सुरू झाली. रेडिओ इतका स्वच्छ मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. अमीनसाहेबांनी डोळे उघडले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "चलें मुन्शीजी?"

तेवढ्यात शिट्टी आली. आधी अगदी बारीक, मग चढत चढत, मग जरा थांबून पुन्हा चढलेली. अमीनसाहेब ताठ उठून बसले. माझा जीव भांड्यात पडला. मी दाजींकडे बघितलं, तर सुटल्याची काही खूण नाही, त्यांचं तोंड राखेसारखं झालेलं. कारण घरी दुसरं कोणी नव्हतं. ती शिट्टी कोणाच्या हातची आहे हे त्यांना कळलं होतं.

"मैं तो तुम पे शक कर रहा था," अमीनसाहेब म्हणाले, आणि शिपायाकडे वळले, "चार जवान लेके निकलो. जल्दी. हर घर देखो."

आणि मग आमच्या दाजींनी, जे साहेबाला नाव सांगायला भ्यायचे त्यांनी, माझी बाही सोडली. ते उठले, रेडिओच्या मागे गेले आणि म्हणाले, "साहेब, ठैरो. जवान कायको? दोष इथंच हाय, आज सापडला." त्यांनी अमीनसाहेबांच्या एरियलचा जोड उपटला, कोपऱ्यातली वीतभर तार त्या जागी लावली, आणि मळकं फडकं फिरवलं. गजल जरा क्षीण झाली. शिट्टी मात्र गेली, कारण एवढ्या तोकड्या तारेला ती पकडता येत नव्हती. "जोडाला गंज चढल्ता," ते म्हणाले. "हवा दमट असली की वाजायचा. आता बराबर." त्यांचा हात बिलकुल कापत नव्हता. मी नीट बघत होतो.

अमीनसाहेब बराच वेळ रेडिओकडे बघत राहिले, मग दाजींकडे. मग त्यांनी शिपायाला हातानंच थांबवलं आणि पानाचा डबा पुढे केला.

घरी आलो तर जमिनीवर ज्वारी सांडलेली. अक्का सेटापुढे बसली होती, पदरावरून हेडफोन चढवलेले, आणि बटणावर एवढा घट्ट हात की बोटं पांढरी पडली होती. आम्ही आत आलेले तिला ऐकूच गेलं नाही. दाजींनी हळूच तिचा हात बटणावरून काढला आणि खटका बंद केला.

"तुला कुणी शिकवलं गं?"

"इतकी वर्षं तुमच्या पाठीमागं बसून दळण निवडून राह्यले की," अक्का म्हणाली. "ती तार हिकडं, ती तार तिकडं. जास्त फिरवू नको, शिट्टी होते, असं तुम्हीच पुटपुटत असता. मी म्हटलं, आज जास्तच फिरवावं." आणि मग तिचे ओठ थरथरायला लागले. आम्ही कोणी ते कधी पाहिलं नव्हतं. "मला लग्न झाल्यापास्नं सगळ्याचं भेव वाटतं. अंधाराचं, विंचवाचं, समद्याचं. पण तुम्ही आधीच भिऊन बसलेले असता. दोघांनी भ्यायलं तर दार कुणी उघडायचं?"

दाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एकेक ज्वारीचा दाणा वेचायला लागले. मला तिथे उभं राहवेना, मी अंगणात आलो.

पुढे थोड्याच महिन्यांत संस्थान गेलं, अमीनसाहेब गेले, आणि दाजींनी थरथरत का होईना परवाना काढला. पण त्या घरात एक गोष्ट कायमची बदलली. ती दोघं भीती वाटून घ्यायला लागली. दार वाजलं की दाजी म्हणायचे, "काल मी भ्यालो, आज तुझा नंबर, तू बस." आणि उठून कडी काढायचे. वीज कडाडली की अक्का पदर तोंडाशी धरून मोकळेपणानं कोपऱ्यात बसायची आणि दाजी धाब्यावर जाऊन एरियलची तार सोडून यायचे. आम्ही हसायचो. ती दोघंही हसायची.

अक्का आधी गेली. तिचे दिवस झाल्यावर मी दाजींना भेटायला गेलो. बराच वेळ बसलो. उठताना मी सहज विचारलं, "एकटं भेव वाटतं का हो आता?"

"वाटतं की," दाजी म्हणाले. "पण भ्यायचा अन् कडी काढायचाही रोज माझाच नंबर येऊन राह्यला."