खाणीच्या पाण्यावरचं वायंगण

सोमवार, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. जागा: डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळाचा मंडप. हजर: वायंगण करणाऱ्या आम्ही सहाजणी, माझा धाकटा भाऊ आणि खाणीचा एक अधिकारी. तो बसला नाही, खांबाला टेकून उभा राहिला. पंचांना बोलावलं होतं, ते आले नाहीत.

शेतांच्या पाण्याच्या पाळ्या मी लावते, म्हणून ही बैठकही मीच बोलावली होती. हिवाळ्यात लावलेल्या भाताला आम्ही वायंगण म्हणतो. पूर्वी त्याला झऱ्याचं पाणी असे. खाणीचा खड्डा खोल गेला आणि झरा आटला. तेव्हापासून खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून आमच्या पाटात सोडतात. कंपनी त्याला गावाला केलेली मदत म्हणते.

तो पंप माझा भाऊ चालवतो. खाण नव्या मालकांकडे गेली, आणि कामगारांना सांगण्यात आलं की आधी राजीनामा द्या, मग ठेकेदाराकडून नव्याने कामाला या. म्हणजे आजवरची सगळी नोकरी पुसली जाणार, आणि ठेकेदाराला नकोसं झालं की घरी. कामगारांनी काम बंद केलं. पंपही थांबला. भात नेमकं तेव्हाच निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला लागलं होतं.

अधिकारी सभ्यपणे बोलला. "वहिनी, पंप कंपनीने बंद केलेला नाही. तुमच्याच माणसांनी केलाय."

"मग दुसरा माणूस लावा," मी म्हटलं.

"ठेकेदाराची माणसं तयार आहेत. फाटकावर तुमचे लोक त्यांना आत सोडत नाहीत."

हे खरं होतं. फाटकावर बसलेल्यांत दोघींचे नवरे होते, आणि त्या दोघी माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

तो गेल्यावर शेजारच्या काकी भावाला म्हणाल्या, "पुता, संप करा, पण पाणी तेवढा सोड मरे."

"काकी, ट्रक बंद रवले तर तेंका काय फरक पडत नाय. जेटीर बोटीत भरूक खनिजाचे ढीग आधीच पडले आसत. पंप बंद रवलो तरच खड्डो भरतलो, मगे तेंका खणूक मिळाचा नाय. तेवढाच तेंका दुखता."

"खड्डो भरासर आमचा भात रवतला?" त्या दोघींतली एक फणकारली.

"तुझ्या घोवाक इचार," भाऊ म्हणाला. " तोच तर फाटकार सगळ्यात मोठ्यान घोषणा देता."

"घराकडे येवंदे, दाखवतंय तेका घोषणा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग एकेक उपाय मांडत गेले. दिवसाआड दोन तास पाणी सोडलं तर? भाऊ म्हणाला, कंपनी तेवढ्याचाच फोटो काढून दाखवेल की काम सुरू झालं. टँकर? भाताला टँकर कुठवर पुरणार! ओढ्यात बांध घालायचा तर ओढ्यात पाणी नव्हतं. कामगार खात्यात जायचं, तर कामगारांचं निवेदन तिथे आधीच पोहोचलं होतं, पुढची तारीख पडली होती. माझ्याकडे आणखी काही सुचवण्यासारखं उरलं नाही.

भाऊ उठला, चपला घातल्या आणि पायरीवर थांबला. "बाय, तू सांग. तू लाव म्हटलंस तर आत्ता जावन लावतंय. पण संप मोडलो की मगे ठेकेदाराच्या कागदार सही करूकच व्हयी, ह्या ध्यानात ठेव."

आमच्या सहाजणींतली सहावी त्याची बायको. तिचाही एक तुकडा त्याच पाण्यावर आहे. ती जमिनीकडे बघत राहिली. तो गेल्यावर ठरलं की त्याला काय ते मीच सांगायचं, बहीण म्हणून. काय सांगायचं, ते मात्र कोणी ठरवलं नाही.

आज गुरुवार. सकाळी शेतात जाऊन आले. बांधाकडे जमिनीला भेगा पडू लागल्यात आणि लोंब्या हाताला अजून पोकळ लागतात. भावाला सांगायचं राहिलंय.