मुलाणी सरांच्या खिशातली चिठ्ठी

मुलाणी सर आमची चिठ्ठी आमच्यासमोर कधी वाचायचे नाहीत. घडी घालून शर्टाच्या खिशात टाकायची आणि हळूच म्हणायचं, "उद्या बघू." या एका सवयीनं त्यांनी माझी झोप उडवली होती.

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांत नव्यानं लागणाऱ्या कामगारांसाठी धडे तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सहा महिन्यांसाठी लागले होते. इन्स्ट्रक्शनल डिझाइन, म्हणजे काम शिकवणारा धडा कसा बांधायचा, हे सर आम्हाला शिकवायचे. पुस्तक नाही, भाषण नाही. रोज दहा मिनिटं आणि चिठ्ठीवर पाच ओळी. आज गाठ मारायला शिकवा, उद्या टॉवेलची घडी. कुणी 'समजलं सर' म्हटलं की मान हलवायचे. "समजलं म्हणू नगा, करून दावा की!"

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत यायची, एखाद्या ओळीखाली लाल रेघ मारून. का, ते विचारलं तर, "करून बघा, सापडंल." माझ्या चिठ्ठ्यांत रेघाच रेघा. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते सरांच्याच हातात. त्यात शेजारच्या टेबलावरची सुजाता कुजबुजली, "आपले धडे उतरवून घेऊन स्वतःच्या नावानं वरती पाठवत असणार बघ." माझा स्वभाव मुळात संशयी. झालं!

एका संध्याकाळी मी चक्क त्यांचा पाठलाग केला. नवी पेठेत सर एका टॉवेल-चादरींच्या दुकानात शिरले. मी बाहेर टांगलेल्या चादरींमागे उभी राहिले. आत कामाला नवीनच लागलेली एक बाई होती. सरांनी माझी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "हे मी लिहिलंय. वाच आन् तसंच कर."

मी लिहिलंय? अंगाची नुसती लाहीलाही झाली. आता आत जाऊन सुनावायचंच, म्हणून मी चादरीला हातही घातला.

तेवढ्यात बाईनं ओळ वाचत वाचत टॉवेलची घडी घातली. लेबल आत गेलं. तिनं उलगडून पुन्हा घातली. पुन्हा आत. तिचा चेहरा उतरला. "मलाच जमंना ओ सर. माझं डोस्कंच न्हाय ह्यात."

एरवी हळू बोलणाऱ्या सरांचा आवाज पार रस्त्यापर्यंत आला. "तुझं डोस्कं बेस हाय! चूक लिहिणाऱ्याची हाय. लेबल वर ठिवा, हे मी लिहिलंच न्हाय की!" आणि त्यांनी लाल पेन काढलं.

मला इतकी लाज वाटली की मी तशीच मागं फिरले. दुसऱ्या दिवशी घरचा टॉवेल आणून आधी घडी घातली, मग ती ओळ लिहिली. महिन्याभरात मी कायम झाले. पाठलागाचं मात्र सरांना कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी ते वारले.

आता नव्या पोरींच्या चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये जातात आणि तिथून त्याच दुकानात. त्या माझ्याकडं कशा बघतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. परवा तिथल्या नव्या बाईला 'हे मी लिहिलंय' म्हणत होते, तर टांगलेल्या चादरीखाली एका पोरीच्या ओळखीच्या चपला दिसल्या. त्या दिवशी सरांचा आवाज का चढला होता, ते आत्ता कळलं मला.

मग मीही आवाज चढवला.