चाकू हातात देऊ नये

आमच्या आत्याने कधी कुणाच्या हातात चाकू दिला नाही. मागितला की ती कनवटीचा घडीचा चाकू काढायची, जमिनीवर ठेवायची आणि म्हणायची, "उचल." हातातून हातात चाकू गेला की दोघांत भांडण होतं, यावर तिचा पक्का विश्वास. भावकीत बांधावरून जी भांडणं होतात ती काय सगळी चाकूमुळे का, असं मी एकदा विचारलं. त्यावर कुणी कुणाच्या हातात काय दिलं ते बघायला तू गेली होतीस का, असं तिने मलाच विचारलं.

तिच्या गावच्या, अंथुर्ण्याच्या इतर बायका कनवटीला सुपारी ठेवायच्या, आत्या चाकू. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, ऊस आला, पण दारातल्या दोन-तीन शेळ्या आणि सासऱ्यांचा बाभळीच्या मुठीचा तो चाकू तिने सोडला नाही. पेरू त्यानेच कापायचा, वैरणीची सुतळीही त्यानेच. शेळीच्या खुरात काटा मोडला तर त्याच्या टोकाने ती तो इतका अलगद काढायची की शेळीचं रवंथ थांबत नसे.

दुसऱ्या कुणाचा चाकू दिसला की त्याची परीक्षा ठरलेली. आधी सुतळी, मग पेरू, आणि काटा निघाला तरच तो चाकू. पुण्यात नोकरीला असलेल्या तिच्या मुलाने कात्री, स्क्रू-ड्रायव्हर असं बरंच काही पोटात असलेला लाल चाकू आणला होता. तिने सगळी पाती उघडून पाहिली आणि म्हणाली, "ह्यात समदं हाय, निस्ता चाकू न्हाय." पण ती अन्यायही करायची नाही. जत्रेतल्या स्टीलच्या चाकूने कापलेली पेरूची फोड पांढरीच राहते, आपल्या लोखंडी पात्याने काळी पडते, हे तिने मान्य केलं. काळी पडायच्या आत खाऊन टाकावी, एवढंच तिचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू गेली. पाय सावरला, हात नाही. घास भरवून घेताना ती रडली नव्हती. सुतळी कापायला सुनेला हाक मारावी लागली तेव्हा मात्र रडली, कारण घडीचा चाकू एका हाताने उघडत नाही.

मग चाकूंची परीक्षा खरोखरीची झाली. मी बारामतीहून बटण दाबलं की उघडणारा चाकू नेला. त्याचं टोक जाड, शिवाय बसल्या जागी कनवटीत उघडला तर काय, ही तिला धास्ती. स्वयंपाकघरातली सुरी कनवटीला लावता येईना. लाल चाकू उघडायला नखं हवीत आणि दुसरा हातही. शेवटी तिने आपलाच चाकू लोहाराकडे पाठवून खिळा सैल करून घेतला. पातं डाव्या अंगठ्याने उघडायला लागलं. महिनाभर ती इतकी खूश होती की न मागता शेजाऱ्यांच्याही पेंढ्यांच्या सुतळ्या कापून द्यायची.

एका रविवारी मी गेले तेव्हा शेळी लंगडत होती. आत्याने तिचा पाय आपल्या गुडघ्याखाली दाबला आणि टोक लावलं. सैल पातं हललं, शेळी ओरडली, रक्त आलं. दुसऱ्यांदाही तेच. आत्याने पातं पदराला पुसलं. मग मूठ माझ्याकडे करून तिने चाकू पुढे धरला. मी सवयीने थांबले, ती खाली ठेवील म्हणून.

"धर की."

"आत्या, खाली ठेव. भांडण होईल."

"व्हऊ दे," ती म्हणाली. "भांडायला तरी येशील."

मी चाकू घेतला. मला पातं बोटाने आवळून धरता येत होतं, तिला ते एका हाताने जमणार नव्हतं. काटा निघाला, पण शेळीने चांगला गोंधळ घातला.

आता तो चाकू माझ्या पर्समध्ये असतो आणि रविवारी मी अंथुर्ण्याला असते. शेळी ती धरते, काटा मी काढते. मूठ चुकीची धरलीस म्हणून ती ओरडते, मग तूच कर म्हणून मी. मागच्या रविवारी निघताना मी म्हटलं, आता शेळ्या विकून टाक. ती तोंड फिरवून बसली, मला जाऊन ये असंही म्हणाली नाही.

या रविवारी मी पहिल्याच एसटीने गेले.