जांभळाभोवतीचा कट्टा

आमच्या बिल्डिंगच्या आवारातलं जांभूळ आजारी आहे हे पहिल्यांदा बाबांच्या लक्षात आलं. शेंडे वाळले होते आणि पानं भलत्याच महिन्यात गळत होती. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र झाडाची तब्येत सुधारल्यासारखी वाटत होती, कारण त्यांच्या गाडीवर जांभळं पडायची थांबली होती.

झाड आईने लावलेलं, आमच्या खिडकीसमोर. आईला घरात कोंडल्यासारखं व्हायचं. दिवेलागणीला बाबा डासांसाठी खिडकी लावायचे आणि ती उघडायची. संसारात त्यांचं भांडण असं हे एकच, पण ते शेवटपर्यंत पुरलं. आई गेल्यावर बाबांनी जांभळाभोवती कट्टा बांधून घेतला. चांगला उंच, आत लाल माती भरलेला, वर गुळगुळीत कडप्पा आणि पुढे आईच्या नावाची लहानशी संगमरवरी पाटी. आमच्या डोंबिवलीत माणूस गेलं की त्याच्या स्मरणार्थ कट्टा होतो, नाहीतर बाक होतो. आईला जन्मभर निवांत बसायला मिळालं नाही, म्हणून तिच्या नावावर आता बाकीचे बसायचे. बाबा तर रोज.

सेक्रेटरींकडे त्यांचा एक माणूस होता. तो पावसाळ्याआधी कोयता घेऊन येतो आणि झाडाचा खांब करून जातो. मागच्या गल्लीतला गुलमोहर मी पाहिलेला आहे.

"मॅडम, अर्ध्या दिवसात मोकळं करून देतो तो," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच्याकडूनच केलं होतं का?" मी विचारलं.

ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आठवडा बरा गेला.

तेवढ्यात मी झाडांची डॉक्टर शोधली. कोलशेतला राहणारी, याच विषयात रीतसर शिकलेली, दोरावरून झाडावर चढायचं प्रशिक्षण घेतलेली. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून ती आली तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे होते. हा शर्ट ते एरवी हार्टच्या डॉक्टरांकडे जाताना घालतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, आलीच आहे तर बघेल म्हणून, तुळशीची कुंडी आणली. डॉक्टर आल्यात एवढंच ऐकून एक आजोबा गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आले.

ती वर चढली, खाली उतरली, लाकडी हातोडीने खोड ठोकून कान लावून ऐकत राहिली. मग कट्ट्यातली माती खुरप्याने उकरून तिने आत हात घातला.

"हा कट्टा कोणी बांधला?"

आधीच्या डॉक्टरने काय दिलं होतं असं विचारतात, तोच सूर.

"मी," बाबा म्हणाले. जरा अभिमानानेच.

"काका, खोड जिथे मुळांपाशी पसरतं ना, तो भाग उघडा लागतो. तुम्ही तो पुरलाय. साल कुजतेय आत. कट्टा आणि माती काढली तर झाड बहुतेक वाचेल. नाही काढलं तर फार दिवस नाही टिकणार."

मग तिचं लक्ष पाटीकडे गेलं. तिने ती वाचली. "सॉरी काका," ती म्हणाली, "पण यावर फवारायचं औषध नाहीये."

बाबा वर निघून गेले. त्यानंतर ते खाली येईनात. सेक्रेटरींनी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू असं सुचवलं. मला भीती वाटत होती, झाडाची थोडी आणि बाबांची जास्त. त्या कट्ट्यासाठी ते दिवसातून एकदा तरी पायात चपला घालत होते. तो मोडला तर ते घरात बसून राहणार, आणि ठेवला तर आईचं झाड त्यांच्या देखत त्यांच्याच हातून मरणार. मला त्या डॉक्टर मुलीचाही राग आला. तिने उगाच खरं सांगितलं होतं.

एका सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "गवंड्याला बोलावलंय."

कट्टा बांधणारा गवंडीच आला. घण मारून मारून थकला. "साहेब, मजबूत काम केलेलं आपण. तुटत नाही."

"हो," बाबा म्हणाले.

खोडालगतची माती डॉक्टरने स्वतः हाताने काढली. आतली साल काळी पडली होती आणि ओली होती. बाबांनी त्या सालीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"तिला कोंडल्यासारखं होत होतं गं," ते मला म्हणाले. "आणि मी वर बसलो होतो."

मला रडू आलं, म्हणून मी गवंड्याचा चहा करायला वर गेले.

आता जांभळाला काही शेंड्यांवर तांबूस पालवी आहे. डॉक्टर म्हणते, एवढ्यात खूश होऊ नका. बुंध्याजवळ कोणी बसायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. त्यामुळे बाबा गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून झाडाकडे बघतात आणि सेक्रेटरींना तिथे गाडी लावू देत नाहीत. दिवेलागणीला वर येतात आणि खिडकी उघडतात. वाऱ्याने ती आपटून बंद होऊ नये म्हणून फटीत आईची पाटी उभी करून ठेवतात. डास फार येतात. आम्ही दोघं खाजवत बसतो.