आठवर अडकलेली रिंग

माझ्या सासऱ्यांनी आमच्या फोटो स्टुडिओतलं स्टूल जमिनीला ठोकून टाकलं आणि लेन्सचं भोक लहान-मोठं करणारी अ‍ॅपर्चरची रिंग आठ आकड्यावर ठेवून वर चिकटपट्टी मारली. आमच्या या कोरियन बेटावर म्हातारी माणसं अंत्यविधीला लावायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात. ते सगळे त्याच आठवर. सासरे गेल्यावर आमचे हे, मान-हो, म्हणाले, "आता रिंग पूर्ण उघडतो. मागचा पडदा धूसर होऊन नुसता चेहरा उठून दिसेल."

"मग उघडा की! घाबरता कुणाला?" मी म्हटलं.

तेवढ्यात सणासुदीचा रेशमी हानबोक झगा घालून बोक-सून आजी आली. "पोरा, नसता शहाणपणा नको. श्राद्धाला माझा फोटो नवऱ्याच्या शेजारी लागायचाय. मागचा पडदा त्यांच्या फोटोतल्यासारखाच दिसू दे, नाहीतर लोक म्हणतील, ही कुठल्या घरची?"

मग प्रत्येक म्हातारीचं हेच. एकतीस वर्षं!

काल, साठी झाल्यावर, यांनी स्वतःच्या फोटोसाठी चिकटपट्टी सोलली. रिंग हलेना. तेल घातलं, मी फडक्याने धरून जोर लावला, ढिम्म.

हे स्टुलावर जाऊन बसले. बटण मी दाबलं.

फोटो हुबेहूब सासऱ्यांचा आला.